गाण्यातलं अक्षर

दिवाळीच्या सुट्टीत भाची आली होती पुण्याहून. मी पोळ्या लाटत होते आणि तिनं ओट्याच्या कोपऱ्यात मोबाइल ठेवून एक गाणं लावलं. शब्द एकही कळेना, पण चाल अशी संथ, वळणावळणाची की लाटणं आपसूक हळू झालं. "काय गं हे?" म्हटलं. तर म्हणे, "मावशी, चिनी गाणं आहे. हस्ताक्षरावर."

हस्ताक्षरावर गाणं! आपल्याकडे गाणी चंद्रावर असतात, पावसावर असतात, झालंच तर नथीवर आणि पैठणीवर. हस्ताक्षराला फार तर पाच मार्क असतात, तेही चौथीपर्यंत.

पोळ्या झाल्यावर तिला बसवून सगळं विचारून घेतलं. गायक तैवानचा जे चाऊ, गाणं २००८ सालचं, शब्द विन्सेंट फांग यांचे. गाण्याचं नाव 'लान तिंग श्वी'. हे नाव चीनमधल्या सगळ्यात नावाजलेल्या हस्तलिखिताचं. सन ३५३ मध्ये वांग शीझी नावाचा एक अधिकारी वसंत ऋतूत मित्रांना घेऊन ओढ्याकाठी जमला. मद्याचे प्याले पाण्यावर सोडायचे, ज्याच्यापुढे प्याला थांबेल त्यानं कविता करायची, नाही जमली तर दंड म्हणून प्यायचं. (आपल्या भेंड्याच की! दंड तेवढा निराळा.) त्या दिवशीच्या कवितांना वांगनं जी प्रस्तावना लिहिली, ती ही. त्यात एकच अक्षर वीसेक वेळा आलंय आणि दर वेळी त्याचं वळण वेगळं. मूळ कागद आज नाही. एका सम्राटाचा त्यावर इतका जीव की तो त्याच्याबरोबरच थडग्यात गेला, असं सांगतात. उरल्या नकला. पण नकला म्हणजे नुसते शब्द उतरवलेले नव्हेत. मूळ कागदावर पातळ कागद ठेवून एकेका रेघेची कड आखायची आणि आत शाई भरायची, अशा. सोळाशेहून जास्त वर्षं झाली, तरी त्या माणसाचा हात कुठे थबकला, कुठे धावला, ते दिसतं. या गिरवण्याचाच आधार घेऊन गाण्यातला प्रियकर आपला विरह सांगतो.

ती हे सांगत होती आणि मला आईची वही आठवत होती.

दोनशे पानी वही. पुढून आरत्या आणि भुलाबाईची गाणी, मागून दुधाचा हिशेब आणि लोणच्याचं प्रमाण. सातवी शिकलेली बाई, पण तिचा 'ळ' असा की जणू दोन करंज्या शेजारी शेजारी ठेवल्यात. पुढे घर बांधताना सामान हललं, वही माळ्यावर राहिली आणि वाळवीनं खाल्ली. त्याआधी मी आणि वहिनीनं गाणी उतरवून घेतली होती, म्हणून गाणी तरी वाचली. पण आम्ही शब्द उतरवले. आईचं अक्षर कुणीच ठेवलं नाही. ते ठेवण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही! बाबांची पत्रं मात्र पत्र्याच्या पेटीत डांबरगोळ्या घालून आजही नीट आहेत. ती आईनं जपली. आईची उत्तरं बाबांकडे गेली, ती राहिली नाहीत. बाबांवर राग म्हणून हे लिहीत नाही. आम्ही मुलींनी तरी काय वेगळं केलं?

आपल्यात अक्षराचं कौतुक नव्हतंच म्हणावं, तर तसंही नाही. समर्थांनी दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला अख्खा समास लेखनावर खर्च केलाय. अक्षर कसं वाटोळं, सरळ, मोकळं हवं आणि पोथीच्या आरंभापासून शेवटपर्यंत एकसारखं कसं राहावं, इथपर्यंत. मोडी तर हात न उचलता धावत लिहायची लिपी. वांगचा कागदही चिनीतल्या धावत्या वळणातलाच. ती मोडी वाचायला आज माणूस शोधावा लागतो. मोडी आणि देवनागरीच्या मेळातून अच्युत पालव यांनी 'मुक्तलिपी' घडवली, ती लोक प्रदर्शनात पाहतात, वाहवा करतात. पण गाण्यात अक्षर? बराच विचार केल्यावर मला एकच आठवलं. कडूबाई खरात एकतारीवर म्हणतात ते भीमगीत. त्यात भाकरीवर बाबासाहेबांची सही आहे. आमच्याकडे जयंतीला ते गल्लीगल्लीत वाजतं. सही म्हणजे काय, हे ज्यांच्या आज्या-पणज्यांना अंगठाच उठवावा लागला, त्यांना विचारावं.

आमच्या बचत गटातल्या एक काकू पन्नाशीत सही शिकल्या. त्यानंतर एकदा गटाच्या बायकांना घेऊन गोपुरीच्या गीताई मंदिरात गेलो होतो. विनोबांच्या आईला गीता सोप्या मराठीत हवी होती. ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी, १९३०-३१ मध्ये, इथे वर्ध्यात त्यांनी 'गीताई' लिहिली. १९८० मध्ये उघडलेल्या या मंदिराला छप्पर नाही, अठरा अध्याय उभ्या शिळांवर कोरलेले आहेत. बाकीच्या बायका चालीवर म्हणत पुढे गेल्या. या काकू एका शिळेपाशीच उभ्या. बोट फिरवत मला म्हणाल्या, "बाई, हा माह्या नावातला म हाय न?" ऊन तापलं तरी हलेनात.

आणि आमची भाची! चिनी अक्षराचं एवढं वेड, पण मला मेसेज करते तो मराठीत, रोमन लिपीत. बोलले तर म्हणते, "चीनमधली मुलंही रोमन अक्षरंच दाबतात गं. पेन हातात घेतलं की त्यांनाही अक्षर आठवत नाही." रोग तिकडेही तोच म्हणायचा. पण त्यांनी दाबलेलं शेवटी चिनी होऊन उमटतं. आपलं रोमनच राहतं, हे तिला पटवता पटवता माझा चहा थंड झाला. वर "मावशी, माझं अक्षर फार घाण आहे" ही सबब. अगं, आमच्या सेवाग्रामच्या बापूंनीही आत्मकथेत आपल्या वाईट अक्षराची खंत मांडली आहे. म्हणून काय लिहायचे थांबले ते?

मैत्रिणींनो, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा प्लॅस्टिकचे डबे नकोत. मी वाण म्हणून शंभर पानी वह्या लुटणार आहे. कोजागिरीपर्यंत प्रत्येकीनं आपल्या घरातलं एक तरी भुलाबाईचं गाणं स्वतःच्या हातानं लिहायचं, आणि सासूला, आईला, आजीला शेजारच्या पानावर तेच गाणं लिहायला लावायचं. अक्षर वाकडं आलं तर येऊ द्या. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी नुसतं नाव गिरवलं तरी चालेल. भाचीलाही एक वही पाठवणार आहे. तिनं चिनी गाण्याचं भाषांतर लिहून द्यायचं कबूल केलंय, देवनागरीत.

वाळवीचं औषध मी आणून ठेवलंय.