मेथीच्या जुडीला गिऱ्हाईक हवे

ज्या बारामतीचा बागाईत पट्टा नीरा डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भिजविला आणि ज्या इंदापुराच्या बागांना उजनीच्या फुगवट्याचे पाणी लाभले, त्याच मुलखातील भाजीपाला अडत-हमालीचा भार घेऊन शंभर किंवा त्याहून अधिक किलोमीटरवरील पुण्याच्या गुलटेकडी बाजार आवाराची वाट धरतो आणि शेजारच्या औद्योगिक वसाहतीतील कामगारास मात्र तो थेट शेतकऱ्याकडून सहजी मिळत नाही, ही व्यवस्था शहाणपणाची म्हणवत नाही. उसाला कायद्याने ठरलेला किमान दर व बांधलेले गिऱ्हाईक आहे; मेथीच्या जुडीस दोन्ही नाही, म्हणूनच कालव्याचे पाणी उसाकडे धावते. २०१६ साली राज्य सरकारने बाजार आवाराबाहेरील फळे-भाजीपाल्यावरचे बाजार समित्यांचे नियमन उठविले, शिवाय संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराचे अभियान काढले (मळ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या संताचे नाव दफ्तरदारांना सुचावे, हे विशेषच!), तेव्हा थेट विक्रीची कायदेशीर अडचण बहुतांशी सरली, उरली ती जागेची. बारामती व इंदापूर या दोन्ही नगरपरिषदांनी आगामी अंदाजपत्रकात या आठवडे बाजारासाठी कायमचे ओटे, छप्पर आणि पाण्याचा नळ यांची तरतूद मंजूर करावी.