वडापावच्या किमतीचा जीव

रस्त्याच्या कडेला पुठ्ठ्याचा खोका. आत गुलाबी, हिरवी, जांभळी, नारिंगी अशी चिवचिवणारी डझनभर पिल्लं. भोवती शाळेची पोरं आणि त्यांच्या मागे गळ्यात आयडी कार्ड लटकवलेले आपण! ‘सो क्यूट!’ म्हणेपर्यंत वडापावच्या किमतीत एक जीव आपल्या हातात आलेलाही असतो. प्रॉब्लेम सुरू होतो रात्री. संध्याकाळी टुणटुण उड्या मारणारं पिल्लू आता पिसं फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलंय. खात नाही, पीत नाही. घड्याळात साडेअकरा, सकाळी नऊला मीटिंग आणि समोर हे एवढंसं धुगधुगणारं प्रकरण. करायचं काय, बॉस?

आधी हे पिल्लू येतं कुठून ते बघू. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या हॅचरीत पिल्लं जन्मली की पहिल्याच दिवशी नर आणि मादी वेगळे केले जातात. नर अंडी देणार नाही आणि ही जात मांसासाठीही झटपट वाढत नाही. म्हणजे धंद्याच्या हिशेबात तो शून्य. अशी नर पिल्लं बहुतेक ठिकाणी मारूनच टाकतात. (जर्मनीने २०२२ पासून यावर बंदी आणली.) आपल्याकडे त्यातली काही रंगात बुडवून बाजारात येतात. आपल्या हातातलं हिरवं पिल्लू बहुतेक त्यातलंच.

आता दुसरी गोष्ट. २१ दिवस अंड्यात काढून बाहेर पडण्याच्या जरा आधी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतं. हा त्याचा घरून आणलेला डबा! तो साधारण दोन-तीन दिवस पुरतो. पण रंगवणं, वाळवणं, टेम्पो आणि बाजार असं करत ते आपल्यापर्यंत पोचेतो डबा संपत आलेला असतो. वर दमणूक आणि गारठा. ते संध्याकाळी ठणठणीत दिसत होतं, खरं तर आधीच थकलेलं होतं.

अशा वेळी आपला पहिला रिफ्लेक्स काय? खायला घाला! माझ्या रूममेटने अशी दोन पिल्लं आणली, तेव्हा तिने हेच केलं. वाटीत दूध, शेजारी बिस्किटाचा चुरा, वर पंखा फुल स्पीडवर. पिल्लं ढिम्म. शेवटी रात्री बाराला तिने गावी आजीला फोन लावला.

‘आजी, ती काहीच खात नाहीयेत गं. दूध पण नको म्हणतात.’

‘दूध? कोंबडीला कधी पान्हा फुटलेला बघितलायस का तू?’ पलीकडून आजी. ‘आधी ऊब दे त्यांना. अंगात ऊब आली की आपोआप चोच मारतील.’

आजीने एका वाक्यात अख्खं ब्रूडिंग सांगितलं. पिल्लाच्या अंगावरची मऊ लव म्हणजे खरी पिसं नव्हेत. पहिले दोन-तीन आठवडे त्याला स्वतःच्या शरीराचं तापमान टिकवता येत नाही. ते काम आईच्या पंखाखाली होतं. आई नसेल, तर पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या उंचीवर साधारण ३५ डिग्री सेल्सिअस लागतं. मग दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी. म्हणजे आपली एसी बेडरूम त्याच्यासाठी चक्क फ्रीज आहे! आणि गारठलेलं पिल्लू खात नाही, खाल्लं तरी त्याला ते पचत नाही. म्हणून क्रम लक्षात ठेवा : आधी ऊब, मग पाणी, मग खाणं.

ऊब कशी द्यायची? ऑनलाइन शॉपिंगचा मोठा खोका घ्या. एका बाजूला वर ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब टांगा. एलईडी चालणार नाही, त्याला उजेड असतो पण पुरेशी ऊब नसते. बल्ब पुठ्ठ्याला किंवा कापडाला टेकू देऊ नका, आणि पडणार नाही असा पक्का बांधा. घरात जुना बल्बच नसेल तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवा आणि गार झाली की बदला. खोक्याची दुसरी बाजू थंडच राहू द्या, म्हणजे पिल्लू आपली जागा स्वतः निवडेल. ते बल्बखाली दबून जोरजोरात ओरडतंय? त्याला थंडी वाजतेय. पंख पसरून, चोच उघडी टाकून लांब पळतंय? जास्त गरम होतंय. निवांत पसरून बारीक चिवचिव करतंय? परफेक्ट!

खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको. त्यावर पाय घसरून फाकतात आणि मग पिल्लाला नीट उभंच राहता येत नाही. जुना टॉवेल किंवा गोणपाट बेस्ट.

अंग गरम झालं की कोमट पाणी. पहिल्या दिवशी कपभर पाण्यात चमचाभर साखर किंवा गूळ चालेल. ड्रॉपरने घशात ओतायचा मोह आवरा. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं, पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं. चोचीचं टोक फक्त पाण्यात बुडवा, बाकी ते शिकतं. भांडं म्हणून बरणीचं झाकण घ्या आणि त्यात गोट्या टाका. एवढ्याशा पाण्यातही पिल्लू बुडू शकतं. खायला पोल्ट्री फीडच्या दुकानातलं चिक स्टार्टर आणा. दुकान उघडेपर्यंत उकडलेल्या अंड्याचा कुस्करलेला बलक किंवा मक्याचा बारीक भरडा द्या.

आता थोडं ‘ई!’ कॅटेगरीतलं. पिल्लाचं ढुंगण बघा. तिथे शी वाळून चिकटली असेल तर वाट बंद होते आणि पिल्लू त्यानेच जातं. ओढून काढू नका, कातडी सोलते. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस धरून ती मऊ करा, अलगद पुसा, कोरडं करा आणि परत उबेत ठेवा. आपल्या हातांचं काय? दर वेळी साबणाने धुवायचे. ठणठणीत दिसणारं पिल्लूही साल्मोनेला बाळगून असू शकतं. म्हणून किचन ओट्यावर एन्ट्री नाही, पापी घेत सेल्फी तर नाहीच!

शीमध्ये रक्त, वाकडी मान, श्वासाला घरघर यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय बंद. आपल्या ड्रॉवरमधली अर्धी उरलेली अँटिबायोटिकची स्ट्रिप तर अजिबात नको. पक्षी बघणारा व्हेट किंवा जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मुंबईकरांसाठी परळला १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि आसपासचे बरेच पक्षी अचानक मरत असतील तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवा. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला होता, हे विसरायला नको.

रूममेटच्या दोन पिल्लांपैकी हिरवं दोन तासांत उठून बसलं. गुलाबीने पहाटे चारच्या सुमारास मान टाकली. ‘ऊब दिली, पाणी दिलं, मग का?’ असं विचारत ती ऑफिसची वेळ होईपर्यंत तशीच बसून होती. फ्रेंड्स, याचं उत्तर दर वेळी नसतं. काही पिल्लं अंड्यातूनच अशक्त येतात, काहींच्या बेंबीतून इन्फेक्शन आत गेलेलं असतं. ते घरच्या बल्बने बरं होत नाही. सगळं नीट करूनही पिल्लू जाऊ शकतं. अशा वेळी त्याला दर पाच मिनिटांनी उचलून बघणं, फोटो काढणं, हलवणं आपल्याला बरं वाटण्यासाठी असतं. त्याला हवी असते उबदार, कोरडी, शांत जागा. शेवटची वेळ असली तरी तेवढंच हवं असतं.

आणि जगलं तर? अभिनंदन, पण खरा प्रश्न इथून पुढे. ते बहुधा नर आहे. तीन-चार महिने झाले की पहाटे आरवायला लागेल आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमचं नाव झळकेल. तेव्हा घाईघाईने टेकडीवर सोडून यायचं नाही. मांजरं, कुत्री आणि घारींपुढे ते दिवसभरही टिकायचं नाही. कोंबड्या पाळणारं, त्याला ठेवून घ्यायला तयार असलेलं घर आत्तापासूनच शोधून ठेवा. मावशीचं, ऑफिसच्या शिपाईमामांचं, कुणाचंही. हिरव्याला आजीच्या डाल्याखाली जागा मिळाली.

म्हणून पुढच्या वेळी तो रंगीत खोका दिसला तर पाकिटाला हात घालू नका. एक पिल्लू वाचवल्याचं समाधान मिळेल, पण रिकामी झालेली जागा उद्या नव्या पिल्लाने भरते. आणि शेजारच्या छोट्याने हट्टाने आणलेलं, मलूल झालेलं पिल्लू रात्री तुमच्या दारात आलंच, तर दुधाची पिशवी फोडू नका. आधी पंखा बंद करा आणि बल्ब शोधा.