फावल्या वेळचा उद्योग : पांच नळकांड्यांचें एंजिन

आमच्या घराच्या मागील पडवीला मंडळी थट्टेनें "कारखाना" म्हणतात. दहा फूट लांब नि सात फूट रुंद अशा त्या जागेंत एक लहान लेथ, त्याहून लहान मिलिंगचें यंत्र, एक ड्रिल आणि भिंतीला टेकवून ठेवलेलें सागवानी टेबल, एवढाच काय तो सरंजाम आहे. त्या टेबलावर गेलीं तीन वर्षें जें एक प्रकरण आकार घेत होतें, त्याचा ओझरता उल्लेख ह्या पानांत दोनदां होऊन गेला आहे, आणि तेव्हांपासून "तुमचें तें एंजिन फिरलें का?" अशी पृच्छा करणारीं पत्रें येत आहेत. एंजिन फिरलें. परंतु एवढेंच सांगून लेखणी खालीं ठेवावी, असा तो प्रकार नव्हे.

प्रथम हें एंजिन कोणत्या जातीचें तें सांगितलें पाहिजे. मोटारीच्या एंजिनांत सिलिंडर, म्हणजे आपलीं नळकांडीं, बहुधा एका रांगेंत उभीं असतात. जुन्या विमानांच्या एका जातीच्या एंजिनांत तीं चाकाच्या आऱ्यांप्रमाणें एका मध्याभोंवतीं मांडलेलीं असत. मध्यें एकच आखूड आंस, आणि त्याच आंसाच्या टोकाला पंखा. प्रत्येक नळकांडें समोरून येणाऱ्या वाऱ्याला सारखेंच सामोरें जातें, त्यामुळें पाण्याचें लटांबर लागत नाहीं. आणि आंस आखूड असल्यानें वजनही वांचतें. 1927 सालीं लिंडबर्ग न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंत साडेतेहतीस तास एकटा उडत गेला, तो राइट कंपनीच्या 'व्हर्लविंड' नांवाच्या, नऊ नळकांड्यांच्या अशाच एंजिनाच्या भरंवशावर. त्याच्याही आधीं, 1903 सालीं, चार्ल्स मॅन्ली ह्यानें लँगलीच्या विमानासाठीं पांच नळकांड्यांचें, पाण्यानें थंड होणारें असेंच एंजिन सिद्ध केलें होतें. विमान दोन वेळां पोटोमॅक नदींत कोसळलें हें खरें. पण 52 अश्वशक्तींचें तें एंजिन त्या काळाच्या मानानें नवलच होतें.

तथापि माझ्या मनांत हें एंजिन शिरलें तें लिंडबर्गामुळें नव्हे, तर आमच्या मामांमुळें. मामा वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं हवाई दलांत फिटर म्हणून दाखल झाले आणि पुढें चौदा वर्षें त्यांचे हात डाकोटा विमानांच्या तेलानें माखलेले राहिले. 27 ऑक्टोबर 1947 रोजीं श्रीनगरला आपले शिपाई उतरवले तें हेंच विमान. मामा दाखल झाले तेव्हां तो पराक्रम जुना झाला होता, पण विमानें तींच होतीं. डाकोटाला दोन एंजिनें. प्रत्येकांत सातसातांच्या दोन चक्रांत मिळून चौदा नळकांडीं, आणि शक्ति सुमारें 1200 अश्वांची. लांबून विमान येतांना ऐकूनच कोणतें एंजिन कुरकुरत आहे हें मामा सांगत, असें त्यांचे सोबती म्हणत. त्या गर्जनेनेंच पुढें त्यांचे कान खाल्ले. आज मामा पंचाऐशी वर्षांचे आहेत. उजवा कान केव्हांच गेला. तीन वर्षांपूर्वीं डाव्याचीही तपासणी झाली आणि तोही फार दिवस साथ देणार नाहीं असें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें. त्या संध्याकाळीं मामा एवढेंच म्हणाले, "तसला आवाज पुन्हां एकदां ऐकावा असें वाटतें." मीं उत्तर दिलें नाहीं, दुसऱ्या दिवशीं कागद पुढें ओढून नकाशा आंखावयास घेतला.

घरीं बसून अशीं छोटीं एंजिनें करणारे लोक जगांत कमी नाहींत. लंडनमध्यें 'मॉडेल एंजिनियर' हें नियतकालिक 1898 सालींच निघालें, आणि एडगर वेस्टबरी ह्या गृहस्थानें त्यांतून पेट्रोलच्या छोट्या एंजिनांचे नकाशे प्रसिद्ध करून हौशी लोकांची एक पिढी घडविली. मीं पांच नळकांडीं पत्करलीं. नळकांड्याचा आंतला व्यास 24 मिलीमीटर, दट्ट्याची म्हणजे पिस्टनची धांव 22 मिलीमीटर. पांचांचें मिळून आकारमान सुमारें 50 घन सेंटिमीटर भरतें. सगळें एंजिन जेवणाच्या ताटाएवढें.

पांचच कां, चार किंवा सहा कां नव्हेत, असा प्रश्न एका भगिनींनीं विचारला होता. त्याचें उत्तर मोठें मौजेचें आहे. ह्या एंजिनांत प्रत्येक नळकांडें आंसाच्या दोन फेऱ्यांत एकदांच पेटतें. म्हणून पेटण्याची पाळी एकाआड एक जाते : पहिलें, तिसरें, पांचवें, मग पहिल्याला ओलांडून दुसरें, चौथें, आणि पांचव्याला ओलांडून पुन्हां पहिलें. प्रत्येक दोन धक्क्यांमध्यें बरोबर 144 अंश. सहा नळकांडीं घेतलीं तर पहिलें, तिसरें, पांचवें झाल्यावर पाळी पुन्हां पहिल्यावरच येऊन ठेपते, आणि समांतील तिन्ही उपाशीं राहतात. विषम संख्येवांचून हें चक्र सुरळीत फिरत नाहीं.

आतां मुख्य अडचण. पांच नळकांडीं बसवावयाचें मधलें घर ॲल्युमिनियमच्या एका भरीव गोलांतून कोरून काढावें लागतें, आणि त्याच्या परिघावर पांच सपाट बाजू बरोबर 72 अंशांच्या अंतरानें पाडाव्या लागतात. 45 मिलीमीटर त्रिज्येवर एका अंशाची चूक म्हणजे जवळजवळ आठ दशांश मिलीमीटर! त्यासाठीं वर्तुळाचे भाग पाडणारें एक उपकरण मिळतें. त्याची मूठ चाळीस वेळां फिरविली म्हणजे आंतील वस्तूचा एक पूर्ण फेरा होतो. चाळीसाला पांचानें भागा. एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत मुठीचे नेमके आठ फेरे. याहून सोपें गणित कोणतें? (नऊ नळकांडीं करणाराला मात्र चार फेरे पुरे करून वर एका फेऱ्याचे चार-नवमांश मोजत बसावें लागतें.)

आणि त्या सोप्या गणितांतच मीं माती खाल्ली. मामांची तपासणी होऊन सहा महिने झाले होते. मन घाईला आलें होतें. जेवणाच्या हांका येत असतां "एवढी एक बाजू करून येतों" म्हणत मीं आठांच्या ठिकाणीं सातच फेरे दिले. चूक कळली ती पांचवी बाजू कापून झाल्यावर. एक अंतर 63 अंशांचें, आणि शेवटचें 81 अंशांचें! तीन आठवड्यांचें काम टेबलावर चकाकत होतें. नऊ अंशांनीं काय बिघडतें, एंजिन कसेंबसें तरी फिरेलच, असा विचार मनांत आला नाहीं असें म्हणणें खोटेपणाचें होईल. परंतु नळकांडें जागेवरून ढळलें म्हणजे त्याच्या दट्ट्याची वर पोंचण्याची वेळ ढळते. मग झडपांची वेळ चुकते, ठिणगीची चुकते, आणि तो दोष पुढें कोठेंही भरून काढतां येत नाहीं. तें घर मीं फळीवर ठेवून दिलें. आजही तेथेंच आहे. दुसरें करावयास घेतलें तेव्हां सौ.नें आठ चिंचोके आणून दिले. मुठीचा एक फेरा झाला कीं एक चिंचोका ह्या वाटींतून त्या वाटींत. हंसण्याजोगी युक्ति खरी, पण तेव्हांपासून मोजणी चुकलेली नाहीं.

पांचांपैकीं एकाच दट्ट्याचा दांडा थेट आंसाच्या कोपराला धरलेला असतो. बाकीचे चार दांडे त्या मुख्य दांड्याच्या खालच्या गोल भागांत खिळींनीं जोडलेले असतात. म्हणजे ते हलतात ते मुख्याच्या मार्फत. एकत्र कुटुंबांतील कर्त्या पुरुषासारखीच ही व्यवस्था, आणि तिच्यांतील वैगुण्यही तसेंच : चौघांच्या खिळी कोपराच्या मध्यावर नसल्यामुळें त्यांची धांव मुख्याच्या धांवेशीं तंतोतंत जुळत नाहीं. फरक फार थोडा, पण नकाशा काढतांना तो धरावाच लागतो.

नळकांड्यांच्या कामांत आमचें स्वयंपाकघरही ओढलें गेलें. आंतील नळी बिडाची, आणि बाहेरचें पातळ चकत्या-चकत्यांचें कवच ॲल्युमिनियमचें. कवच 200 अंशांपर्यंत तापविलें म्हणजे त्याचें तोंड जेमतेम एक दशांश मिलीमीटरनें मोठें होतें. तेवढ्या अवधींत गार नळी आंत सोडावयाची, कीं निवाल्यावर दोन्हीं जन्माचीं एकमेकांस चिकटलीं. केक भाजण्याच्या भट्टींत हा विधि पांच वेळां झाला. भट्टी घांसूनपुसून परत करावयाची, अशी अट होती. ती मीं पाळली, तरी पुढें महिनाभर प्रत्येक पदार्थाला कोणी ना कोणी नाक लावून पाहत असे.

मग नळीचा आंतला भाग घोटावयाचा. तेलांत कालवलेली अत्यंत बारीक घांसपूड लावून पितळेच्या दांड्यानें तासन्‌ तास हें काम चालतें, आणि त्याचा कंटाळा येणार नाहीं असा मनुष्य विरळा. गुरुवारीं मामा आले म्हणजे तयार नळकांडें मी त्यांच्या हातीं देत असें. त्यांची परीक्षा ठरलेली. दट्ट्याला तेलाचें बोट लावून तो वरून नळींत सोडावयाचा आणि खालचें तोंड अंगठ्यानें बंद करावयाचें. काम चोख असेल तर दट्ट्या कोंडलेल्या हवेवर अधांतरीं थबकतो आणि अगदीं सावकाश खालीं उतरतो. तिसरें नळकांडें मामांनीं मुकाट्यानें मला परत दिलें. मीं कानाशीं तोंड नेऊन म्हटलें, "मामा, थोडासाच ढिला आहे. कड्या बसल्यावर भरून निघेल. आणखी एक करावयाचें म्हणजे पंधरा दिवस जातील."

"माझ्यासाठीं घाई करतोस होय?" मामा म्हणाले. "मला ऐकूं आलें नाहीं तरी चालेल. पण ढिलें एंजिन तूं माझ्या नांवावर खपवूं नकोस."

तें नळकांडें मीं नव्यानें केलें. दट्ट्यांच्या बिडाच्या कड्या दहा लागत होत्या, त्यासाठीं अठरा कराव्या लागल्या. मिलीमीटरभर जाडीची कडी बसवितांना बोटांत कधीं तुटेल याचा नेम नसतो. झडपा दहा. त्या उघडणारी कॅमची चकती आंसाच्या उलट दिशेनें, आंसाच्या चौथ्या हिश्श्याच्या वेगानें फिरते, आणि तिच्यावर दोनच उंचवटे असतात. तेवढ्या दोहोंनीं पांचही नळकांड्यांची सेवा कशी होते, हें कागदाच्या दोन चकत्या कापून फिरवून पाहिल्याखेरीज पटत नाहीं. वाचकांनीं अवश्य पाहावें. ठिणगीची विजेची व्यवस्था मात्र मीं तयार विकत आणली. सगळेंच आपल्या हातानें करण्याचा हट्ट मला नाहीं.

गेल्या महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारीं एंजिन टेबलाला बोल्टांनीं जखडलें, दोन फुटी लाकडी पंखा चढविला, आणि पेट्रोल भरलें. मामांनीं आधीं पंखा हातानें सावकाश दोन फेरे फिरवावयास लावला. ह्या एंजिनांत तिसरें नि चौथें नळकांडें खालीं तोंड करून असतें आणि रात्रींतून त्यांत तेल उतरतें. तेल कांहीं दाबलें जात नाहीं. तसेंच जोरानें चालूं केलें तर दांडा वांकतो. मग पंख्याच्या रेषेंत कोणी उभें नाहीं हें पाहून मीं विजेच्या ड्रिलानें आंस फिरविला. दोनदां नुसता धूर आला. तिसऱ्या वेळीं एंजिनानें पेट घेतला.

सगळें घर पडवीच्या दारांत गोळा झालें. आवाज भरदार होता; शेजारच्या गच्चीवरूनही कोणी तरी वांकून पाहूं लागलें. मामांनीं कानांतलें यंत्र काढून खिशांत टाकलें, कारण त्यांतून म्हणे नुसती शिट्टी येते. त्यांनीं उजवा तळहात टेबलावर पालथा ठेवला आणि डोळे मिटले. दोन मिनिटें तसेच गेलीं. मग त्यांनीं हातानें बंद करण्याची खूण केली.

"एक लंगडतो आहे," ते म्हणाले.

मला तसें वाटलें नव्हतें. आवाज मला एकसारखा लागत होता, आणि माझे कान धड आहेत. मामांनीं पाण्यानें बोट भिजवून ओळीनें एकेका नळकांड्याला टेकविलें. पहिल्यावर चुर्र झालें, दुसऱ्यावर झालें, तिसऱ्यावर झालें. चौथ्यावर बोट तसेंच टेकलेलें राहिलें.

"हें गार आहे. प्लग काढ."

प्लग काढला, तेलानें ओलाचिंब होता. तो पुसून बसविला आणि एंजिन पुन्हां सुरूं केलें. मामांनीं पुन्हां तळहात टेबलावर ठेवला. ह्या वेळीं मात्र त्यांनीं तो लवकर उचलला नाहीं. टाकींतलें पेट्रोल संपून पंखा आपोआप थांबला, तरी हात तेथेंच होता. चहा निवतो आहे म्हणून सौ.नें दोनदां सांगितलें.

जातांना मामांनीं मला बजावलें, कीं चौथ्यांत तेल वाजवीपेक्षां अधिक येतें आहे, तेव्हां त्याच्या दट्ट्याची खालची कडी उलटी तर बसली नाहीं ना, तें पाहा. काल पाहिलें. उलटी बसली नव्हती. एका ठिकाणीं तिला बारीक चीर होती. नवी कडी लेथवर चढविलेली आहे, आणि परवां गुरुवार आहे.