हेजलमावशीचा पगार

जुन्या अमेरिकन विनोदी मालिकांमध्ये 'हेजल' आमच्या वर्गाची लाडकी आहे. टेड की यांच्या व्यंगचित्रांवरून निघालेली ही मालिका १९६१ ते १९६६ या काळात चालली. वकील बॅक्स्टर यांच्या घरी कामाला असलेली हेजल स्वयंपाक करते, केर काढते आणि कोणी विचारो न विचारो, प्रत्येक गोष्टीत नाक खुपसते. शेवटी खरी ठरते तीच! या भूमिकेसाठी शर्ली बूथ यांना दोनदा एमी पुरस्कार मिळाला.

आम्हीही पोट धरून हसतो. पण एक गोष्ट आम्हाला खटकते. हेजल मालकांना 'मिस्टर बी' म्हणते आणि छोटा हॅरल्डसुद्धा तिला नुसते 'हेजल' म्हणतो. सगळे तिच्यावर माया करतात, म्हणून ती घरचीच वाटते. तिच्या पगाराचा विचार आपल्या मनात येतच नाही. अमेरिकेत किमान वेतनाचा केंद्रीय कायदा १९३८ साली झाला, पण घरकाम करणाऱ्यांना तो लागू झाला १९७४ साली, म्हणजे मालिका संपल्यावर आठ वर्षांनी! खऱ्या घरकामगारांमध्ये कृष्णवर्णीय स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या. पडद्यावरची हेजल मात्र गोरी.

आपली मराठी इथे थोडी पुढे आहे. आपण कामाला येणाऱ्या बाईंना 'मावशी' म्हणतो. पण 'त्या आमच्या घरच्यासारख्याच' असे म्हणून सुट्टी आणि पगारवाढ विसरायची, हे काही बरोबर नाही. 'मोलकरीण' या शब्दातच 'मोल' आहे. काम केले की त्याचे मोल द्यायचे. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळासाठी कायदा झाला, पण आपल्या घरात नियम आपणच पाळायचे असतात.

म्हणून आमचे सांगणे असे. मुलांनो, सुट्टीत आजीकडे गेलात की मावशींना 'अहो' म्हणा आणि आपले ताट आपण उचला. इथे उचलताच की! आणि आईबाबा, आठवड्याची एक भरपगारी सुट्टी मावशींना मिळते का, हे आजीला फोनवर जरूर विचारा. हेजल असती तर तिने केव्हाच विचारले असते.