घरचा कॉम्प्युटर, धंद्याचा कॉम्प्युटर

घरासाठी कॉम्प्युटर घ्यायचा तर चार दुकाने फिरून, भाव काढून, मुलांच्या पसंतीने घेतला तरी चालतो. आठ दिवस बंद पडला, तर फार तर मुलांची कुरकुर ऐकावी लागते. पण समजा, त्याच घरातल्या गृहिणीने मसाल्यांचा व्यवसाय सुरू केला. ऑर्डरी, बिले, उधारी सारे त्याच कॉम्प्युटरवर आले आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर तो बंद पडला, तर? दोन हजार रुपये स्वस्त मिळाल्याचे समाधान मग कुठल्या कुठे जाते.

म्हणून धंद्यासाठी खरेदी करताना किमतीच्या आधी एक प्रश्न विचारावा : हा बिघडला, तर किती दिवसांत सुरू होईल? दुरुस्तीसाठी माणूस घरी येणार की यंत्र उचलून सेवाकेंद्रात न्यावे लागणार, हे लेखी घ्यावे. वॉरंटी कार्डही नीट वाचावे. काही वस्तूंवर ‘फक्त घरगुती वापरासाठी’ अशी अट असते. प्रिंटर घेताना शाईचा खर्च विचारून एका पानाला किती पडते, ते काढावे. स्वस्त प्रिंटर पुष्कळदा शाईत महाग पडतो. आणि हिशेबाची एक प्रत रोज दुसरीकडे उतरवून ठेवावी. यंत्र नवे मिळते, पुसली गेलेली उधारी मिळत नाही.

आता बिलाविषयी. जीएसटीची नोंदणी असेल, तर बिलावर व्यवसायाचे नाव आणि जीएसटी क्रमांक जरूर घालून घ्यावा. 50,000 रुपयांच्या कॉम्प्युटरवर 18 टक्क्यांनी 9,000 रुपये कर पडतो. व्यवसायासाठीच्या खरेदीवरचा हा कर आपल्या भरायच्या करातून वळता करता येतो. कंपोझिशन योजनेत असणाऱ्यांना मात्र ही सवलत नाही.

पण पुढे तक्रार करण्याची वेळ आली, की हेच बिल दाखवून दुकानदार म्हणू शकतो, ‘‘हा तर धंद्यासाठी घेतला होता. तुम्ही ग्राहकच नाही!’’ ऐकणारी गप्प बसते आणि नुकसान सोसते.

तसे गप्प बसण्याचे कारण नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने वस्तू घेणाऱ्याला ग्राहक मानलेले नाही, हे खरे. पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेऊन ती स्वतः वापरणारी व्यक्ती ग्राहकच ठरते. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने, मदतीला एक-दोन माणसे घेतली तरी हा हक्क जात नाही, असे स्पष्ट केले होते. नोकर ठेवून केवळ त्यांच्याच हाती यंत्र चालवणाऱ्या मोठ्या व्यावसायिकाला मात्र ही सूट नाही. त्याने देखभालीचा करार आधीच पक्का करावा.

तक्रार करताना हा व्यवसाय आपल्या चरितार्थासाठी आहे आणि यंत्र आपण स्वतः चालवतो, हे स्पष्ट लिहावे. बिल, वॉरंटी कार्ड आणि दुरुस्तीच्या पावत्या जोडाव्यात. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला मिळतो. त्याने भागले नाही, तर तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे फीदेखील नाही. बिल मात्र पहिल्या दिवसापासून जपून ठेवलेले हवे.