बंदुकीला सायलेन्सर की कानाला प्लग? पॉइंट टू-टू नेमबाजांच्या घरच्यांसाठी

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. हा प्रकार पॉइंट टू-टू, म्हणजे ५.६ मिलिमीटर काडतुसाचा. तेव्हापासून आमच्या खडकी परिसरातही मुलांना नेमबाजीला घालण्याबद्दल विचारणारे पालक वाढले आहेत.

त्यात अमेरिकेतून एक बातमी आली. तिथे १९३४ पासून सायलेन्सरवर २०० डॉलरचा कर होता. जुलै २०२५ मधील कायद्याने तो १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला. नोंदणी मात्र कायम आहे. सायलेन्सरमुळे नेमबाजाचे कान वाचतात, हा समर्थकांचा एक मुख्य मुद्दा. साहजिकच पालक विचारतात, "डॉक्टर, मग आपणही चांगला सायलेन्सर घ्यावा का?"

आधी कायदा

भारतात सायलेन्सर हा साधा सुटा भाग नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'अग्निशस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी साधने धरलेली आहेत. त्यामुळे तो ऑनलाइन मागवणे किंवा परदेशातल्या नातेवाईकाने बॅगेतून आणणे म्हणजे गुन्ह्याला आमंत्रण. कोणी प्रेमाने पाठवतो म्हणाले तरी स्पष्ट नाही म्हणा.

आवाज किती, नुकसान कशाने?

पॉइंट टू-टूचा आवाज मोठ्या रायफलपुढे किरकोळ वाटतो. पण नेमबाजाच्या कानाशी रायफलचा धमाका साधारण १४० डेसिबलच्या आसपास जातो. पिस्तुलाची नळी आखूड असल्याने त्याचा आवाज आणखी जास्त असतो. क्षणिक धमाक्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली कमाल मर्यादा प्रौढांना १४० आणि मुलांना १२० डेसिबल आहे. डेसिबलमध्ये दर १० ला आवाजाची ऊर्जा दहापट होते. म्हणजे १४० हा आकडा १२० पेक्षा 'थोडा जास्त' नसून शंभरपट आहे.

आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात. त्या जन्मतः मिळतात तेवढ्याच. मेल्या की पुन्हा येत नाहीत. सतत गोंगाटाने त्या हळूहळू थकतात, तर गोळीच्या धमाक्याने एका क्षणातही फाटू शकतात. दुखत नाही, रक्त येत नाही, म्हणून लक्षात येत नाही.

सायलेन्सर किती वाचवतो?

नळीतून सुटणारा गरम वायू सायलेन्सरच्या कप्प्यांत अडकतो आणि सावकाश बाहेर पडतो. त्यामुळे आवाज साधारण २० ते ३० डेसिबलने कमी होतो. फायदा खरा आहे, पण हिशेब करा: १४० चे ११० ते १२० झाले. मुलांसाठी हे मर्यादेच्या अगदी काठाशी.

- गोळी आवाजाच्या वेगापेक्षा (सेकंदाला सुमारे ३४० मीटर) जास्त वेगाने गेली, तर तिचा स्वतःचा कडाका सायलेन्सर थांबवू शकत नाही.
- रेंजवर शेजारच्या लेनमधल्या बंदुका तशाच वाजतात. बंदिस्त रेंजमध्ये भिंतींवरून आवाज परत येतो.
- पॉइंट टू-टूच्या काडतुसात शिसे असते, गोळीत आणि बहुतेक वेळा पेटणाऱ्या मसाल्यातही. सायलेन्सरमध्ये त्याचा थर साचतो आणि काही बंदुकांत धूर नेमबाजाच्या तोंडाकडे जास्त येतो.

ज्या देशांत तो कायदेशीर आहे तिथल्या आपल्या नातेवाईकांनी पॉइंट टू-टूसाठीच बनवलेला आणि सफाईसाठी उघडता येणारा घ्यावा. कमी वेगाचे काडतूस वापरावे. सफाई हातमोजे घालून, स्वयंपाकघरापासून लांब करावी. आणि कानात प्लग तरीही हवाच.

आपल्यासाठी खरी निवड

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघही खेळाडू आणि पंचांना कानाचे संरक्षण वापरण्याचाच आग्रह धरतो. त्यासाठी फार खर्च लागत नाही.

- फोमचे प्लग: बोटांनी पिळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. बाहेर लोंबत असेल तर उपयोग नाही.
- इअरमफ: चष्म्याच्या काडीमुळे किंवा केसांमुळे फट राहिली की संरक्षण घटते.
- दोन्ही एकत्र: बंदिस्त रेंज, पिस्तूल आणि लहान मुले यांच्यासाठी मी हेच सांगतो. बेरीज मात्र होत नाही. दुसऱ्याने साधारण पाचेक डेसिबलचीच भर पडते.
- इलेक्ट्रॉनिक मफ: प्रशिक्षकाचे बोलणे ऐकू येते म्हणून सरावाला चांगले. आवाज ग्रहण करणारी उपकरणे खेळाडूला स्पर्धेत चालत नाहीत, म्हणून साध्या प्लगचीही सवय ठेवा.
- कापसाचा बोळा: संरक्षण जवळजवळ शून्य.

एनसीसीच्या कॅम्पला पॉइंट टू-टूचे फायरिंग असते. मुलाच्या बॅगेत प्लगची जोडी टाका आणि कसे घालायचे ते घरीच शिकवा. रेंजवरून आल्यावर साबणाने हात-तोंड धुणे आणि कपडे वेगळे काढणे हेही शिशासाठी तितकेच गरजेचे.

डॉक्टरांकडे कधी यावे?

नेमबाजी सुरू करण्यापूर्वी एक ऑडिओमेट्री करून कागद जपून ठेवा. नंतर दरवर्षी तुलना करा. तपासणीच्या आदल्या दिवशी रेंजवर जाऊ नका. आवाजाने झालेले नुकसान आलेखात बहुधा ४००० हर्ट्झजवळ खड्ड्यासारखे दिसते. उजव्या खांद्यावर रायफल धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, त्यामुळे तो अनेकदा आधी बिघडतो.

फायरिंगनंतर कानात शिट्टी वाजणे, कान भरल्यासारखा वाटणे किंवा अचानक कमी ऐकू येणे ही लक्षणे दुसऱ्या दिवशीही राहिली, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अशा वेळी औषधांचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो. तेल घालून वाट पाहू नका.

खडकीत १८६९ पासून दारूगोळा कारखाना आहे, शेजारी लष्कराची केंद्रे आहेत. निवृत्त कामगार आणि जवानांची घरे इथे गल्लोगल्ली. 'स' आणि 'श' नीट न कळणारे, टीव्ही मोठा लावणारे, रात्री कानातल्या शिट्टीने झोप न लागणारे आजोबा तुमच्याही घरी असतील. हे सगळे वयाचेच आहे असे समजू नका. त्यांचीही तपासणी करून घ्या. श्रवणयंत्राने बोलणे परत समजू लागते आणि शिट्टीचा त्रासही अनेकांना कमी होतो. नातवाच्या हातात रायफल देण्यापूर्वी त्याच्या कानात प्लग नीट बसलाय का, हे पाहायला आजोबांइतका योग्य माणूस दुसरा नाही.