अंगण मोठं, राखण थोडी

मे महिन्यात आमच्याकडे पुण्याचे पाहुणे येतात. गाडीतून उतरताना त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘‘किती भाग्यवान गं तुझी पोरं! नाहीतर आमची बघ, चौथ्या मजल्यावर कोंडलेली.’’ मी हसून मान डोलावते. त्या वेळी माझी थोरली कांद्याच्या चाळीच्या जाळीला धरून निम्म्यावर चढलेली असते आणि धाकटा खुराड्यात डोकं घालून कोंबडीशी काहीतरी महत्त्वाचं बोलत असतो. पाहुण्यांना हे दृश्य फार आवडतं. ते फोटो काढतात. फोटो काढून झाला की दोघांना खाली उतरवायचं आणि बाहेर ओढायचं काम माझं.

मी स्वतः पुण्याची. लग्न होऊन जुन्नर तालुक्यात आले, त्याला आता सात वर्षं झाली. गावापासून दीड-दोन किलोमीटरवर मळ्यात आमची वस्ती आहे. चार घरं, तीन विहिरी, एक शेततळं आणि चहूबाजूंनी ऊस, कांदा, टोमॅटो. थोरली साडेतीन वर्षांची, धाकटा दोनला दोन महिने कमी. सासूबाई दोघांना ‘द्वाड’ म्हणतात, दादा म्हणजे सासरे ‘वाघ’ म्हणतात आणि शेजारच्या मावशी स्पष्टच सांगतात, ‘‘सूनबाई, तुझी पोरं म्हंजी वळवाचा पाऊस. कधी कुठं पडंल सांगता येत नाय.’’

त्यांचे पराक्रम सांगायचे तर पुरवणी पुरणार नाही. ठिबकच्या नळ्या उपटून त्यांच्या माळा करून वासराच्या गळ्यात घालणं, पेंडीच्या पोत्याला भोक पाडून त्यात पाय रोवून बसणं, टोमॅटोच्या भरलेल्या क्रेटमधून नेमका सर्वांत खालचा टोमॅटो हवा असणं, आजोबांच्या पायताणात शेण भरून ठेवणं (‘‘पोळी केली आबांना’’ असा खुलासा आला) हे रोजचंच. एकदा धाकट्यानं मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीपर्यंत हात पोचवला, त्या दिवसापासून ती पेटी पुरुषभर उंचीवर गेली.

या खोडकरपणाची मला तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकते. दोन-तीन वर्षांच्या मुलानं वस्तू उचलून पाहणं, सांडणं, चढणं, चाखणं म्हणजे त्याचा अभ्यासच असतो. मुलं गप्प बसावीत म्हणून ‘दोन रट्टे दे’ असा सल्ला देणारी माणसं शहरात आणि खेड्यात सारखीच आहेत. माझं भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे. ‘खेड्यात मुलं आपोआप वाढतात’ असं जे आपण सगळे मोठ्या प्रेमानं म्हणतो, त्या वाक्याशी.

गेल्या मार्चमधली गोष्ट. कांदा काढणी चालू होती. मजूर मिळेनात, म्हणून मीही वावरात होते. मुलं सासूबाईंजवळ होती. दुपारची वेळ, सासूबाई पहाटे चारपासून उठलेल्या, त्यांचा पडवीत जरा डोळा लागला. थोरलीनं धाकट्याचा हात धरला आणि ‘मासे बघायला’ त्याला शेततळ्यावर घेऊन गेली. घरापासून तळं शंभर पावलांवर. मावशींची म्हैस सुटून त्याच बाजूला गेली म्हणून मावशी तिच्यामागे गेल्या आणि त्यांना दोघं बांधावर दिसली. धाकट्याच्या पायात एकच चप्पल होती. दुसरी पाण्यावर तरंगत होती आणि तो ती आणायला खाली वाकत होता.

ज्यांनी शेततळं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हा नुसता पाण्यानं भरलेला खड्डा नसतो. पाणी मुरू नये म्हणून त्याला तळापासून काठापर्यंत जाड प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. बाजू उतरत्या, त्यावर शेवाळ धरलेलं. धडधाकट, पोहणारा माणूससुद्धा आत घसरला तर त्याला वर चढता येत नाही, कारण हाताला धरायला काही नसतं. विहिरीला निदान पायऱ्या असतात, कपारी असतात, कुठंतरी एखादं झाडाचं मूळ असतं. 2016 पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि आमच्यासारख्या अनेकांच्या शेतात उन्हाळ्यातही पाणी राहू लागलं. आमचा कांदा, आमची द्राक्षं, किंबहुना मुलांचं दूधही त्या पाण्यावर आहे. तळ्याला मी दोष देणार नाही. पण तळं खोदताना आम्ही घरातल्या सगळ्यांनी लांबी मोजली, रुंदी मोजली, किती लिटर पाणी मावेल त्याचा हिशेब केला. घरातलं सर्वांत लहान माणूस किती उंचीचं आहे, ते कुणीच मोजलं नाही. मीही नाही.

त्या संध्याकाळी घरात जे झालं ते तुमच्याही घरात झालं असतं. सासूबाई रडल्या. दादा काही बोलले नाहीत. हे माझ्यावर ओरडले, मग मी ह्यांच्यावर. भावकीतले दोघं-तिघं येऊन गेले आणि जाताना सगळ्यांचा निष्कर्ष एकच, ‘‘आईचं लक्ष पाहिजे बाबा.’’ लक्ष! जणू काही लक्ष म्हणजे फडताळात ठेवलेली बरणी, काढली आणि वापरली. त्याच आईनं पहाटे धार काढायची, डबे करायचे, मजुरांना चहा न्यायचा, दुपारी कांद्याची पात कापायची आणि या सगळ्यात दोन वळवाच्या पावसांवर नजर ठेवायची. शेतीच्या विजेचा आठवडा रात्रीचा असला की हे रात्रभर पाणी भरायला वावरात आणि दिवसा झोपलेले. मग राहिलं कोण? गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या सासूबाई.

‘पूर्वी कसं व्हायचं?’ हा प्रश्न यावर हमखास येतो. पूर्वी वाड्यात पंधरा माणसं असायची, हे खरं. पण मूल सांभाळायचं कोण, हे सासूबाईंनाच विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘मी. सात वर्षांची होते तवापास्नं. कडंवर भाऊ आन् मागं दुसरा.’’ शाळेचं नाव काढलं तर हसल्या. ज्याला आपण ‘मुलं आपोआप वाढायची’ म्हणतो, ती अशी एका मुलीच्या कडेवर वाढत होती आणि त्या मुलीचं लिहिणं-वाचणं त्या कडेवरच संपत होतं. मुली आज शाळेत जातात ही फार चांगली गोष्ट झाली. पण त्यांच्या कडेवरून उतरलेलं मूल कुणाच्या कडेवर बसणार, याचा विचार आपण केला नाही.

ज्यांनी केला, त्यांची नावं महाराष्ट्र विसरत चालला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि 1957 मध्ये तेथून जवळच कोसबादच्या टेकडीवर काम नेलं. आदिवासी पाड्यांतली मुलं शाळेत का येत नाहीत, याचा शोध घेताना त्यांना हेच दिसलं की मोठं भावंड धाकट्याला सांभाळतं किंवा गुरं राखतं. त्यांनी पालकांना व्याख्यानं दिली नाहीत. मुलं येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून त्याला ‘विकासवाडी’ म्हटलं. म्हणजे ताईनं धाकट्याला घेऊन यावं, त्याला पाळण्यात टाकावं आणि आपण पाटीवर बसावं. इतका साधा विचार, पण तो करायला मुलाच्या उंचीवर बसून पाहावं लागतं.

पुढे 2 ऑक्टोबर 1975 पासून केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. आमच्या गावातही आहे आणि तिथल्या ताई मनापासून काम करतात. पण शाळापूर्व शिक्षण आहे तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. माझ्या थोरलीला तिथं जागा आहे, तेही सकाळचे थोडे तास. धाकट्यासाठी मिळतं ते आहाराचं पाकीट, घरी नेण्यासाठी. पाकीट चांगलं आहे, पण पाकीट काही मुलाला तळ्यापासून ओढून आणत नाही. चालायला लागल्यापासून तीन वर्षांपर्यंतचा जो काळ, जेव्हा पायात बळ आलेलं असतं आणि डोक्यात भय आलेलं नसतं, नेमका तोच मोकळा सुटला आहे. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची ‘पाळणा’ नावाची केंद्राची योजना 2022 पासून आहे. आमच्या वस्तीपर्यंत ती अजून आलेली नाही. त्याआधी 2005 च्या रोजगार हमी कायद्यातही एक तरतूद केलेली होती. कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला बाकीच्यांएवढीच मजुरी द्यायची. मूल सांभाळणं हे काम आहे आणि त्याला दाम आहे, हे कायद्यानं लिहून ठेवलं होतं. रस्त्याच्या कामावर जे मान्य, ते कांद्याच्या वावरात मान्य का नसावं?

शिवाय आमच्याकडे बिबट्या आहे. धरणं झाली, कालव्यांचं पाणी आलं, त्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्या राहू लागला, व्यायला लागला. पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे, ते पाहायला पाहुणे हौसेनं जातात. आम्ही मात्र दिवेलागणीनंतर मुलांना उंबऱ्याबाहेर सोडत नाही, कारण या भागात अंगणातून मुलं गेलेली आहेत. माझ्या पोरांना निदान भिंती आणि दार आहे. गाळप हंगामात ऊसतोडीची कुटुंबं येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. त्यांचं मूल पाचटावर निजवलेलं असतं, नाहीतर फडाच्या कडेला बाभळीला बांधलेल्या झोळीत. त्या आईला ‘लक्ष दे’ म्हणण्याचं धाडस कुणी करू नये.

आणि मग आम्ही काय करतो, तेही सांगते, लाज वाटत असली तरी. आम्ही मोबाइल देतो. दार लावायचं, पंखा चालू करायचा, दोघांच्या मध्ये मोबाइल ठेवायचा. वळवाचा पाऊस तत्काळ थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं आहे की, वर्षाच्या आतल्या आणि वर्षभराच्या मुलांना पडदा नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलांना फार तर तासभर, आणि त्याहून कमी असेल तर बरं. कांदा काढणीच्या पंधरवड्यात आमच्या घरात तो तासभर किती तासांचा झाला होता, हे मी इथं लिहिणार नाही. पण दृश्य डोळ्यांपुढे आणा. बाहेर तीन एकर जमीन, चिंचेचं झाड, वासरू, कोंबड्या, आणि आत अंधाऱ्या खोलीत निळ्या उजेडात दोन तोंडं. चौथ्या मजल्यावरच्या पोरांहून ती कुठल्या बाबतीत भाग्यवान आहेत?

चप्पल तरंगली त्यानंतर आठवड्याभरात आम्ही तळ्याभोवती जाळीचं कुंपण घातलं. दाराला कडी, ती माझ्या खांद्याच्या उंचीवर. तळ्यात चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडले आणि दोन रिकामे बंद ड्रम तरंगत ठेवले. त्या वर्षी कांद्याच्या रोपांवर जेवढा खर्च झाला, त्याच्या निम्म्यातही हे बसलं. इतकं सोपं होतं, याचाच राग जास्त आला. तळ्याला पैसे देताना कुंपणाशिवाय शेवटचा हप्ता सोडायचा नाही, असा नियम सरकारनं का करू नये आणि ग्रामसभेनं का मागू नये?

कुंपण झालं, पण नजरेचं काय? मी वस्तीतल्या चार घरांत बोलले. मिळून सहा मुलं निघाली. मावशींची विधवा भावजय रोजानं जायची, तिला तेवढाच रोज आम्ही चौघांनी मिळून द्यायचा आणि दुपारी अकरा ते पाच तिनं आमच्या रिकाम्या चाळीत मुलं सांभाळायची. दादांना हे पटेना. ‘‘आपलीच पोरं सांभाळायला आपणच पैशे मोजायचे?’’ मी म्हटलं, ‘‘दादा, म्हशी राखायला आपण गडी ठेवतोच की.’’ ते बराच वेळ तंबाखू मळत बसले. दुसऱ्या दिवशी चाळीत त्यांनी स्वतः माती टाकून जमीन सारवून घेतली आणि तुळईला झोका बांधला.

दोन महिने छान गेले. पहिल्या दिवशी सहाही मुलं एकदम रडली, दुसऱ्या दिवशी तीन, चौथ्या दिवशी त्यांना घरी न्यायला गेलं की रडू लागली. झाऱ्या, डबे, मक्याची कणसं, ओल्या वाळूचा ढीग, एवढ्यावर त्यांचं राज्य चालायचं. धाकटा तिथं भाकरी कुस्करून स्वतःच्या हातानं खायला शिकला, जे मला घरी वर्षभर जमलं नव्हतं. मी वावरात वाकून काम करताना दर पाच मिनिटांनी मान वर करून घराकडे पाहायची, ती सवय केव्हा गेली, कळलंच नाही.

मग टोमॅटोचा तोडा सुरू झाला. नारायणगावच्या बाजारात भाव चढला, तोडणीचा रोज वाढला आणि वहिनी एका सकाळी संकोचत म्हणाल्या, ‘‘ताई, तिकडं दीडपट देत्यात.’’ त्यांना थांब म्हणायला मला तोंड नव्हतं. चार घरांनी वाढीव पैसे द्यावेत असं मी म्हटलं, तर दोन घरं मागे हटली. चाळ पुन्हा रिकामी आहे. पावसाळ्यात अंगणात चिखल, विहिरी काठोकाठ. ग्रामपंचायतीकडे मी अर्ज केला आहे. अंगणवाडीच्या बंद पडलेल्या मागच्या खोलीत मुलं ठेवू द्यावीत आणि एका बाईचा रोज पंचायतीनं द्यावा, एवढाच मजकूर. खाली माझ्याबरोबर अकरा बायकांच्या सह्या आहेत आणि तीन अंगठे. त्यातला एक सासूबाईंचा.

अर्ज लिहिताना थोरली मांडीवर येऊन बसली होती. कागदावर तिनंही पेनानं एक मोठं वेटोळं काढलं. मी विचारलं, ‘‘हे काय गं?’’ तर म्हणाली, ‘‘तळं. आणि ही दादूची चप्पल.’’ कागद बदलायला वेळ नव्हता, तसाच दिला.